मधल्या सीटवरचे सर

गाडी थांबून दार उघडलं की सर आधी गुडघे जवळ घ्यायचे. मग मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, आणि खांदे असे आवळलेले की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाची घडी घालून ठेवली आहे. एवढं झालं की बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे बघून म्हणायचे, "या, जागा हाय बिलकुल."

जागा नसायचीच. मागच्या सीटवर आम्ही तिघं आधीच कोंबलेले असायचो. पण रस्त्यात हात करणारी अंगणवाडीची बाई असो, परीक्षेला निघालेला पोरगा असो की कोंबडी काखोटीला मारलेला म्हातारा असो, सरांच्या लेखी जागा होती. सरकायला लागायचं ते आम्हाला. मी मनातल्या मनात चरफडायचो, कारण सकाळी मी फारसा माणसात नसतो.

तुम्ही कुठेही नोकरी करत असा, अप-डाऊनवाली माणसं तुम्ही पाहिली असतीलच. घर एका गावी, नोकरी दुसऱ्या, आणि आयुष्याचा मोठा भाग मधल्या रस्त्यावर. आमची गाडी काळ्यांची. काळे मंठ्याला पंचायत समितीत. गाडी तेच चालवायचे आणि खड्ड्यांना शिव्याही तेच द्यायचे. त्यांच्या शेजारी पठाण सर, हायस्कुलात गणित शिकवणारे. मागे डाव्या खिडकीला मी, उजव्या खिडकीला बँकेतले भालेराव, आणि मध्ये सर. सकाळी जालन्यात मंठा चौफुलीवर सगळे जमायचे. मंठ्याला उतरलो की सर आणि मी माझ्या मोटारसायकलवर पुढे एका खेड्यातल्या आमच्या शाळेत जायचो. जिल्हा परिषदेची शाळा, चौथीपर्यंत, शिकवणारे आम्ही दोघंच.

मधली सीट कुणालाच नको असते. पायाखाली उंचवटा, मान टेकायला काही नाही, आणि डुलकी लागली तर डोकं कुणाच्या खांद्यावर पडेल याचा नेम नाही. म्हणून पाळ्या लावायच्या असं आमचं ठरलं होतं. पण सरांची पाळी कधी संपलीच नाही. "सर, आज तुम्ही खिडकीला या," म्हटलं की ते हात हलवायचे. "ऱ्हाऊ द्या हो. मधी बसलं की दोन्हीकून माणूस लागतं."

आम्हाला काय, बरंच होतं. एखादा माणूस स्वतःहून गैरसोय पत्करतो तेव्हा त्याला का म्हणून विचारायच्या फंदात कुणी पडत नाही.

बोलायला सर फार गोड होते, आणि खवचटही. काळे खड्ड्याला शिवी हासडायचे तेव्हा सर मागून म्हणायचे, "काळेसाहेब, खड्डा बिचारा ऐकून घेतो. एकदा रस्ता करणाऱ्या गुत्तेदाराला द्या की." भालेरावांना गाडीत बसल्या बसल्या झोप लागायची. त्यांचं डोकं खांद्यावर आलं की सर हालायचे नाहीत. रामनगर आलं की हळूच त्यांच्या कानात म्हणायचे, "साहेब, क्याश मोजायची राह्यली." भालेराव दचकून उठायचे आणि गाडीभर हसू व्हायचं. रोज तेच, आणि रोज हसू.

वर्गातही त्यांची खुर्ची नावाला होती. पोरांच्या रांगेत मध्येच मांडी घालून बसायचे. कुणी उशिरा आलं तर दारातल्या पोराला म्हणायचे, "ये, जागा हाय बिलकुल." पोरं त्यांची नक्कल करायची. डबा खाताना एकमेकांना तसंच म्हणायची आणि खिदळायची.

एका हिवाळ्यात सर गप्प झाले.

एकदम नाही झाले, नाहीतर आम्हालाही कळलं असतं. आधी भालेरावांना उठवणं बंद झालं. मग दाढी. एक दिवसाआड होणारी दाढी आठवड्यावर गेली. डबा तसाच परत जायला लागला. कुणी रस्त्यात हात केला तर गुडघे जवळ घ्यायचे, "जागा हाय" म्हणायचे, पण त्यातलं "बिलकुल" गळालं होतं. काय झालं विचारलं की, "काय न्हाई हो. थकून राह्यलो जरा." आता थकलेलं कोण नाही? आम्हीही म्हणायचो, हो सर, रस्ताच तसला आहे.

शेवटी भालेरावांनी शोध लावला. सर रुसलेत. इतकी वर्षं आपण त्यांना मध्ये बसवलं, कुणी एकदा आग्रह करून खिडकी दिली नाही, ते मनाला लागलंय. सगळ्यांना हे एकदम पटलं. पटायला सोपं होतं.

आमच्या भागात कुणाचं काही बिनसलं की त्यावर एकच औषध, सत्कार. शिक्षक निवृत्त झाला, सत्कार. पोरगा पोलिसात लागला, सत्कार. दोन भावांतलं भांडण मिटवायचं असलं तरी आधी दोघांना शाल-श्रीफळ. मग आम्हीही तेच केलं. मंठा चौफुलीवर, चहाच्या हॉटेलासमोर, सकाळी सकाळी सरांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. पठाण सरांनी छोटंसं भाषण केलं. "सर, तुमने बहुत दिन बीच में काटे. आज से सामने बैठो, दरवाजे के बाजू में, इज्जत से." चहावाल्यानेही टाळ्या वाजवल्या. सर काही बोलायच्या आत आम्ही त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि बाहेरून दार लावून घेतलं.

मंठ्यापर्यंत सर एक शब्द बोलले नाहीत. एका हाताने वरचं हँडल धरलेलं, दुसरा हात सीटच्या कडेला घट्ट. शाल अंगावरून घसरून पायाशी पडली तरी ती उचलायला त्यांनी हात सोडला नाही. कपाळावर त्या थंडीत घाम. मला वाटलं, काळ्यांचं गाडी चालवणं इतक्या जवळून पहिल्यांदाच बघतायत, साहजिक आहे.

दुसऱ्या दिवशी सर चौफुलीवर आले नाहीत. एसटीने येऊ लागले. आम्ही खूप चर्चा केली. भालेरावांचं मत पडलं की शाल हलकी होती. मग बऱ्याच दिवसांनी एका सकाळी सर पुन्हा गाडीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मला मधीच बसू द्या. तेवढंच." कुणी वाद घातला नाही. भालेराव मुकाट्याने सरकले.

त्यानंतर सर हळूहळू बरे दिसू लागले. दाढी होऊ लागली, डबा संपू लागला. आपोआप झालं असं आम्ही धरून चाललो.

आता वैष्णवीबद्दल सांगतो, कारण तिच्याशिवाय सरांची गोष्ट पुरी होत नाही.

वैष्णवी चौथीत होती. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची एकुलती एक मुलगी. अध्यक्षांना गावात कुणी नावाने हाक मारत नसे, घरातली माणसंही "अध्यक्ष" म्हणायची. मोसंबीची बाग, दारात ट्रॅक्टर, भरलेलं घर, आणि या पोरीवर सगळ्यांचा जीव. वर्गात पहिला हात तिचा वर असायचा. ती अचानक बदलली. प्रार्थनेची वेळ झाली की तिचं पोट दुखायचं. शेजारच्या मुलीने खोडरबर मागितलं म्हणून तिने तिचा हात चावला. काढलेलं चित्र स्वतःच टराटरा फाडायची. काही बोललं की अंगावर यायची.

पोटासाठी सगळे उपाय झाले. जालन्याला सोनोग्राफी झाली, मग संभाजीनगरला झाली. पोटात काही नव्हतं. आजीने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, कुणीतरी सांगितलं म्हणून अंगारा आणला. मामाने सांगितलं, लाडाने बिघडलीये, दोन रट्टे द्या. गावात बहुतेकांना ते नाटक वाटायचं आणि मलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

एका सकाळी प्रार्थना चालू असताना ती व्हरांड्यात भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सर जाऊन तिच्या शेजारी बसले. मी खिडकीतून बघत होतो. सर काहीच बोलेनात. शेवटी तीच म्हणाली, "सर, तुम्ही इचारत का न्हाई काय झालं ते?"

"तुला ठावूक हाय का काय झालं?"

"न्हाई."

"मंग इचारून काय करू?"

ती जरा सैल झाली. म्हणाली, "घरी सगळे लई इचारतेत. मंग मला राग येतो. मी वरडते. मंग मम्मी रडती." आणि थोड्या वेळाने, जेवायला काय आहे असं विचारावं तितक्या साध्या आवाजात, "सर, मी नसतेच तर मम्मी रडली नसती ना?"

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मम्मी आजून लई रडली आसती, बाळा," म्हणाले. "तू हायेस तेच बराबर हाय." आवाज स्थिर होता. पण त्यांचा चेहरा मला दिसत होता. पुढच्या सीटवर शाल घसरली तेव्हा होता तसा चेहरा झाला होता.

त्याच दिवशी त्यांनी अध्यक्षांना बोलावून घेतलं. शाळा सुटलेली, पोरं गेलेली. मी निघायला लागलो तर सर म्हणाले, "तुम्ही थांबा." मग त्यांनी अध्यक्षांना सगळं सांगितलं, वैष्णवी व्हरांड्यात काय बोलली तेही. आणि म्हणाले, जालन्याला मनाच्या डॉक्टर आहेत, तिला तिकडे न्यायला पाहिजे, आणि लवकर न्यायला पाहिजे.

अध्यक्ष उभेच राहिले. "माझी पोरगी येडी हाय का सर? असं बोलतेत का? उद्या ही गोष्ट गावात गेली तर तिची सोयरीक जुळंल का?"

"अध्यक्ष, चौथीत हाय ती."

"पण काय कमी हाय तिला? तुम्ही सांगा. काय मागितलं आन दिलं न्हाई? अन् रडत तरी कुठं हाय ती? दुःख आसतं तर रडली नसती का?"

सरांनी पिशवी पुढे ओढली. आतल्या कप्प्यातून गोळ्यांची एक पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ह्या माझ्या हायेत," ते म्हणाले. "मला बी काय कमी न्हाई. बायको चांगली, पोरगं कामाला लागलं. कुणी मेलं न्हाई, काय बुडालं न्हाई. तरी मागच्या थंडीत मला सकाळी दात घासायचं ओझं झाल्तं. पोरं हसायची अन् मला वाटायचं, हे लई लांब कुठंतरी हसून राह्यलेत. मी रडलो का? ह्या सरांना इचारा, शेजारीच बसतेत."

मी टेबलावरचं हजेरीपुस्तक उगाच सरळ केलं.

"मोठं माणूस गप होतं," सर म्हणाले. "लेकरू गप होत न्हाई. ते चिडतं, चावतं. त्याचं पोट दुखतं, अन् खरंच दुखतं बरं का, नाटक न्हाई ते. त्याला दुसरं सांगताच येत न्हाई." मग माझ्याकडे न बघता, जरा हळू आवाजात म्हणाले, "गाडीत दाराजवळ बसायची मला भीती वाटायची. नको ते मनात यायचं. मधी बसलं की दोन्हीकून माणूस आसतं."

आम्ही टाळ्या वाजवून, शाल घालून, बाहेरून दार लावून त्यांना कुठे बसवलं होतं ते मला त्या वेळी कळलं. सर मात्र त्याबद्दल तेव्हाही काही बोलले नाहीत आणि पुढेही कधी बोलले नाहीत.

अध्यक्षांनी पट्टी उचलून उलटसुलट बघितली. मग खाली बसले. मोठा माणूस खचला की त्याची टोपी आधी हातात येते, तशी त्यांची आली. "कुणाला कळता कामा न्हाई," म्हणाले. "अन् तुम्ही संगं पायजेत. मला तिथं काय बोलायचं ते कळायचं न्हाई."

"येतो की. अन् तिचं नाव ह्या कामात माझ्या तोंडून निघायचं न्हाई," सर म्हणाले. "तुमच्या बी निघू देऊ नका. काय बी झालं तरी."

पुढचं मी पाहिलं नाही, मी शाळा सांभाळत होतो. अध्यक्षांनीच ते मला नंतर सांगितलं. दवाखान्यात बाकावर वैष्णवी, एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला अध्यक्ष असे नंबराची वाट बघत बसले होते. तेवढ्यात आमच्या शाळेच्या गावचा किराणा दुकानदार समोर उभा. त्याच्या आईला झोप लागत नव्हती, तिला घेऊन आला होता. अशा ठिकाणी आपण कशाला आलोय ते माणूस विसरतो, दुसरा कशाला आलाय तेवढं पक्कं लक्षात ठेवतो. त्याने आधी अध्यक्षांकडे बघितलं, मग पोरीकडे.

सर हसले. "माझंच डोकं बिघडलंय हो," म्हणाले. "लई दिवसाचं हाय. अध्यक्ष बिचारे मला गाडीत घालून घेऊन आले. पोरगी आली आइस्क्रीमच्या नादानं."

दुकानदाराला खात्री पटावी म्हणून त्यांनी आपली गोळ्यांची पट्टीही काढून दाखवली. मग खरोखरच सगळ्यांना बाहेर नेऊन आइस्क्रीम खाऊ घातलं, दुकानदाराच्या आईलासुद्धा. तो आईला दाखवून घराकडे गेल्यावर नंतरचा नंबर घेऊन वैष्णवी आत गेली.

डॉक्टर बाईंनी तिला लगेच गोळ्या दिल्या नाहीत. तिच्याशी बोलल्या, तिला मातीची खेळणी करायला लावली, पुन्हा बोलावलं, पुन्हा बोलल्या. आईबापांनाही बसवून घेतलं. सारखं विचारू नका, दुसऱ्या पोरांची उदाहरणं देऊ नका, ती चिडली की तुम्ही तिथेच थांबा, एवढं शिकवलं. अध्यक्ष दर खेपेला बागेच्या औषधाचं निमित्त सांगून जालन्याला जायचे. एकदम काहीच बदललं नाही. पोट दुखायचं, मग कमी दुखायचं, मग पुन्हा एखाद्या आठवड्यात दुखायचं. सर म्हणायचे, "असंच आसतं. जल्दी करून उपेग न्हाई."

मग एका दुपारी लगोरी खेळताना वैष्णवी दुसऱ्या मुलीशी कडाकडा भांडली. चेंडू लागला की नाही लागला, यावरून. पण चावली नाही, मुद्द्यावर भांडली आणि जिंकली. सर व्हरांड्यातून बघत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, किती झ्याक भांडती." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी चष्मा पुसायचं काम काढलं.

तोवर दुकानातून मिठाच्या पुडीबरोबर बातमी घरोघरी पोचली होती. मास्तर येडा आहे. दवाखाना चालू आहे. स्वतः अध्यक्षांनी गाडीत घालून नेलं, एवढं वाढलंय. पोरं आता वेगळीच नक्कल करू लागली. काही आया लेकरांना वर्गाबाहेरूनच न्यायला येऊ लागल्या. ज्या माणसाने त्यांच्या लेकरांच्या रांगेत मांडी घालून वर्षं काढली, त्याच्याकडे त्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायच्या. मला फार राग यायचा आणि रागाचं काय करायचं ते कळायचं नाही.

शेवटी समितीची बैठक बोलावली. अध्यक्षांनाच बोलवावी लागली, नियमच तसा. सरांच्या वर्गात, पोरांच्या सतरंज्यांवर सगळे बसले. दुकानदार म्हणाला, "आमचं सरांशी वैर न्हाई. पण लेकरं कुणाच्या भरवशावर सोडायची, तेवढं सांगा." माना हलल्या. मी उठून बोललो, सरांनी आजवर कुणाला बोटही लावलेलं नाही म्हणालो. माझं कुणी मनावर घेतलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसणारा, त्यांचीच बाजू घेणार.

सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. त्यांनी एक शब्द टाकला असता तर बैठक तिथेच मोडली असती, गावात त्यांच्या शब्दाला तेवढी किंमत होती. पण तो शब्द टाकायचा तर पोरीचं नाव सांगावं लागलं असतं. अध्यक्षांचे ओठ हलले. त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान अगदी थोडी, नकाराची हलवली. आणि अध्यक्ष सतरंजीकडे बघत राहिले.

"एवढं कशाला ताणता," सर म्हणाले. "मीच जातो. भोकरदनकडं आमचं जुनं घर हाय, बदली मागून घेतो. लेकरांचं नुसकान नको."

त्या वर्षी बदल्या होत्याच. सरांची झाली. शेवटच्या दिवशी काळ्यांनी खड्ड्यांनाही शिव्या दिल्या नाहीत. मंठा चौफुलीला सर उतरले, वाकून आत बघितलं, आणि म्हणाले, "आता ऐसपैस बसा."

मधल्या सीटवर आम्ही दोन-तीन जणांना घेऊन पाहिलं. कुणी टिकलं नाही. मग तिथे डब्यांच्या पिशव्या ठेवायला लागलो. मी आणि भालेराव पाय पसरून बसतो. भालेरावांचं डोकं आता काचेवर आपटतं. ऐसपैस बसूनही अंग आंबून जातं. हे माझं वय असेल, किंवा रस्ता.

सुरुवातीला सर फोनवर बोलायचे. "बराय," म्हणायचे. मग फोन वहिनी उचलू लागल्या. "झोपलेत." सकाळी केला तरी झोपलेले, संध्याकाळी केला तरी झोपलेले. तुम्ही अशा घरी कधी फोन केला असेल तर तो आवाज तुम्हाला माहीत असेल. शेवटी एकदा त्या रडल्याच. "ह्यांचं परत सुरू झालं, भाऊजी. गोळ्या बंद केल्या ह्यांनी. नव्या शाळंत कुणी बघितलं तर परत तेच, म्हणून. आता डॉक्टरकडं न्यायचं तर उठतच न्हाईत. भिंतीकडं बघून बसतेत. मला लई भेव वाटतं."

मी हे गाडीत सांगितलं. काळे म्हणाले, रविवारी जाऊ. शाळेत अध्यक्ष कशाला तरी आले होते, त्यांनाही सांगितलं. ते ऐकून घेऊन निघून गेले. रविवारी सकाळी बघतो तर चौफुलीवर आमच्या आधी उभे. "मला बी घ्या," एवढंच म्हणाले. भालेरावांना यायला जमलं नव्हतं, त्यांच्या जागी मधल्या पिशव्यांशेजारी बसून भोकरदनपर्यंत आले आणि अर्ध्या रस्त्यात चहाला थांबलो तेव्हा मला बाजूला घेऊन दवाखान्यातली ती हकीकत सांगितली.

सरांचं घर गावाच्या कडेला. ओसरीवर बाज, आणि बाजेच्या एका टोकाला सर बसलेले. दाढी वाढलेली, सदऱ्याचं बटण चुकलेलं. भिंतीकडे तोंड. आम्ही आलो तरी मान वळली नाही. येताना मी बरंच काही ठरवून आलो होतो, धीर धरा, सगळं ठीक होईल वगैरे. व्हरांड्यात ते वैष्णवीशेजारी कसे बसले होते ते आठवलं आणि मी ते सगळं गिळलं. बाजेच्या दुसऱ्या टोकाला नुसता जाऊन बसलो. सरांना विचारलं काही नाही. वहिनींनी पाणी आणलं. काळे आणि पठाण सर गाडीपाशीच थांबले होते.

अध्यक्ष उंबऱ्याशी उभे होते. टोपी हातात. एकदम वहिनींना म्हणाले, "वैनी, माझी पोरगी आज शाळंत जाती ती ह्यांच्यामुळं. दवाखाना तिचा व्हता. मला गावासमोर बोलायला पायजे व्हतं. मी बोललो न्हाई. वैष्णवीपायी ह्यांनी…" एवढा मोठा माणूस उंबऱ्यात उभा राहून लेकरासारखा रडायला लागला.

सरांची मान हळूहळू वळली. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. आवाज इतका आतून आला की मला वाकून ऐकावा लागला.

"तिचं नाव घ्यायचं न्हाई, म्हणलं व्हतं ना."

मग त्यांनी बाजेला हात टेकला. उठतायत असं वाटून वहिनी पुढे धावल्या. पण ते उठले नाहीत. कडेवरून जरासे माझ्या बाजूला सरकले, थांबले, दम घेतला, आणखी सरकले. गुडघे जवळ घेतले. मांडीवर पिशवी नव्हती तरी दोन्ही हात तिथे ठेवले.

"बसा," अध्यक्षांना म्हणाले. "जागा हाय."

अध्यक्ष येऊन बसले. त्यांचा खांदा एकीकडून, माझा दुसरीकडून, सर मध्ये. बाहेर काळ्यांनी गाडीतल्या डब्यांच्या पिशव्या पुढे टाकल्या होत्या आणि मागचं दार उघडून ठेवलं होतं. जालना लांब होतं, पण घाई कुणालाच नव्हती.